वर्षअखेरची यादी आणि न वाचलेली नावे

१९९८ साली आमच्या खंडाळ्याचे नाव देशभरच्या रेडिओवर घुमले. ‘गुलाम’ चित्रपटातील त्या गीताचे गायक आमिर खान व अलका याज्ञिक आणि संगीतकार जतिन-ललित ही नावे मावळातील शाळकरी मुलांनाही पाठ झाली. त्या गीतामागे वाद्ये कोणी वाजवली, हे मात्र कोणी विचारले नाही. हा विसर जुना आहे. रेडिओने लोकप्रिय गीतांची वार्षिक यादी करण्यास आरंभ केला तेव्हापासूनचा तो आहे, आणि ख्रिस्ती समाजाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना मोठा अभिमान. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना ओहोटी लागली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. कोलंबोच्या त्या केंद्राकडे महायुद्धकाळातील शक्तिशाली प्रक्षेपक होते. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. त्यामुळे सह्याद्रीच्या रांगांचाही त्यांना अडसर होत नसे. त्याच वर्षी ३ डिसेंबरला अमीन सयानी यांनी ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली. दर बुधवारी रात्री श्रोते रेडिओभोवती जमू लागले. रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांवरून गीतांचा क्रम लागे, आणि वर्ष सरताना वर्षभराची यादी सादर होई. १९५३ च्या यादीत ‘अनारकली’तील लता मंगेशकरांचे गीत पहिले आले, १९५५ मध्ये ‘श्री ४२०’मधील मुकेश यांचे, तर १९६६ मध्ये ‘सूरज’मधील महंमद रफी यांचे. १९८९ मध्ये हा कार्यक्रम विविध भारतीवर आला आणि १९९४ पर्यंत चालला. सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत निवर्तले.

त्या काळी रेडिओवर श्रोत्यांचीही नावे वाचली जात. फर्माइशींच्या पत्रांमुळे झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे लहानसे गाव सर्वश्रुत झाले. गाणे ऐकणाऱ्याचे नाव वाचले जाई. व्हायोलिन वाजवणाऱ्याचे नाही.

एके काळी गायकांचीही हीच गत होती. १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या रेकॉर्डवर गायिकेच्या जागी चित्रपटातील ‘कामिनी’ या पात्राचे नाव छापले होते. ही गाते कोण, अशी विचारणा करणारी पत्रे रेडिओकडे येऊ लागली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आले. श्रोत्यांनी विचारले म्हणून नाव कळले, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

वादकांविषयी असे कोणी विचारले असते, तर उत्तरात पुष्कळ नावे आपल्या समाजातील निघाली असती. ‘श्री ४२०’ आणि ‘सूरज’ या दोहोंचे संगीतकार शंकर-जयकिशन. त्यांची वाद्यरचना दोन दशकांहून अधिक काळ गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा लिहीत. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ हे सी. रामचंद्र यांचे साथीदार; त्यांचा ट्रंपेट आणि त्यांचा वाद्यवृंद १९५१ च्या ‘अलबेला’त पडद्यावरही दिसतो. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात काम केले आणि पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

गोव्याच्याच इतक्या मंडळींना ही संधी का मिळाली? याचे उत्तर चर्चच्या अंगणात सापडते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. हेतू एवढाच की मिस्सेत गायन नीट व्हावे. पुढे मुंबईच्या स्टुडिओंत चाळीस-पन्नास वादकांनी एकाच वेळी वाजवण्याची वेळ आली. ध्वनिमुद्रण सलग होई. एकाचा सूर चुकला तर सर्वांना पुन्हा वाजवावे लागे. संगीतकार चाल गाऊन दाखवीत. परंतु प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर लिहिणारा आणि तो पाहताक्षणी वाजवणारा माणूस हवा असे. ती विद्या आमच्या चर्चच्या शाळांनी दिली होती.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील एक श्रेष्ठ व्हायोलिनवादक व शिक्षक. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर रचलेले वाद्यवृंदसंगीत सादर केले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गीतात जे नाव येते, ते शिष्याने गुरूला वाहिलेले वंदन होते. देशभर लोक त्या नावावर हसले, नाचले. पण हा खराखुरा माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते गोव्यातच निवर्तले.

लोकप्रियतेच्या यादीवर आमचा आक्षेप नाही. लतादीदी, रफी, मुकेश यांचा मान त्यांच्या गुणांचा आहे. मात्र करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौल शरीर व अवयव यांचा जो दृष्टांत देतो, त्यात जे अवयव कमी मानाचे वाटतात त्यांना अधिक मान देण्याची शिकवण आहे. ती वाद्यवृंदालाही लागू पडते, आणि धर्मग्रामालाही.

आज पुष्कळ चर्चमध्ये की-बोर्डमधील तयार ठेक्यावर गायन उरकते. स्वरलिपी वाचणारी मुले विरळ झाली आहेत. ज्या शाळेतून सेबॅस्टियन आणि अँथनी घडले, तसली शाळा आपण चालवली नाही, तर वाचण्याजोगी नावेच उरणार नाहीत. म्हणून लोणावळा, खंडाळा, तळेगाव, देहूरोड येथील कुटुंबांस आमची विनंती आहे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी चर्चमध्ये, बँडमध्ये अथवा स्टुडिओत वाद्य वाजवीत असेल, तर त्याचे नाव, गाव आणि वाद्य लिहून धर्मग्रामाकडे द्यावे. घरात व्हायोलिन पडून असेल, तर ते नातवाच्या हाती द्यावे. तारा बसवण्याची व्यवस्था आम्ही पाहू. २२ नोव्हेंबरला संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिचा सण असतो. त्या दिवशीच्या मिस्सेत ती सारी नावे मोठ्याने वाचली जावीत, अशी आमची इच्छा आहे.