पावागड : खडक आणि पाणी
बडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, पंचमहालच्या सपाट प्रदेशात पावागड एकटाच उभा आहे. त्याचे अंग दख्खनच्या सह्याद्रीसारखे काळ्या बेसाल्टचे. माथ्यावर मात्र ऱ्हायोलाइट हा फिकट, सिलिकायुक्त ज्वालामुखीजन्य खडक. तो सहज झिजत नसल्याने कडे ताठ राहिले व त्यांनीच निम्म्या तटाचे काम केले. पाण्याची तजवीज माणसालाच करावी लागली : दुधिया, छासिया, तेलिया ही तळी पावसावर भरतात. १४८४ मध्ये गड घेण्यापूर्वी महमूद बेगडाला दीर्घ वेढा घालावा लागला, त्याचे मर्म या कड्यांत आणि तळ्यांत आहे. पुढे गड ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे आला. चांपानेरसह हा परिसर २००४ पासून जागतिक वारसा आहे. कालिकामातेच्या दर्शनासाठी रोपवे असला, तरी शेवटच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.