पडकई : भुकेशी खेळणारा आपला संघ

आज आम्ही बोलायला सुरुवात करणार आहोत क्रिकेटच्या एका सामन्यापासून, आणि पोहोचणार आहोत आपल्या भाताच्या खाचरापर्यंत.

ऑक्टोबर १९४२ मध्ये बंगालमध्ये मोठे चक्रीवादळ झाले. त्याच सुमारास तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या विजापूर जिल्ह्यात दुष्काळ होता. त्या हंगामात मुंबईत मदतीसाठी एक सामना झाला. एका संघाचे नाव 'बंगाल सायक्लोन', दुसऱ्याचे 'विजापूर फॅमिन'. फॅमिन म्हणजे दुष्काळ. खेळाडूंनी दुष्काळाचेच नाव आपल्या संघाला लावले होते.

अशा मदतीचे मोल आहेच. पण मदतीचे धान्य खाऊन संपते. पुढच्या आषाढात चुलीवर काय ठेवायचे, हा प्रश्न राहतोच. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरातल्या महादेव कोळी समाजाकडे या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. त्याचे नाव पडकई.

आपल्याकडे पाऊस धो-धो पडतो, तरी घरात धान्य पुरत नाही. कारण जमीन उताराची. पाणी येते आणि माती घेऊन जाते. वरच्या अंगाला नाचणी, वरई होते. भाताला मात्र पाणी धरून ठेवणारी सपाट जागा लागते. कणगी रिकामी होते ती आषाढ-श्रावणात, म्हणजे आवणीला कंबर मोडेपर्यंत वाकायचे असते तेव्हाच. मग धान्य उसने आणायचे आणि सुगीला वाढीव फेडायचे. सावकारी किती जाचक होती, हे जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध केलेल्या बंडावरून कळते.

पडकईत काय होते? सुगी आटोपली की काही घरे एकत्र येतात. आज एकीच्या उतारावर काम, पुढच्या पाळीला दुसरीच्या. पहारीने दगड काढायचे, उताराला आडवी दगडांची ताल रचायची, वरची माती ओढून मागे भरायची, जागा सपाट करायची. पावसात त्या तालीमागे पाणी थांबते, माती थांबते, आणि तिथे भाताचे खाचर तयार होते. एका घराला हे काम झेपत नाही. मजूर लावायला पैसा नसतो. म्हणून हाताच्या बदल्यात हात. इतर गावांतल्या इर्जिकीची आणि सावडीची ही बहीणच म्हणा.

डिंभे धरण झाले तेव्हा घोड नदीकाठची चांगली भातजमीन पाण्याखाली गेली. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे, ते गावही बुडाले. लोक वर डोंगराकडे सरकले, आणि उतारावर नवी खाचरे काढल्याशिवाय गत्यंतर राहिले नाही. त्या काळात कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने पडकईला बळ दिले. पुढे शासनानेही पडकईसाठी कार्यक्रम आखला. १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा, त्यानंतरचा २००५ चा केंद्राचा कायदा, यांतून जमीन सुधारण्याच्या कामाला मजुरी मागता येऊ लागली. म्हणजे खाचरही होते आणि ते होईपर्यंत चूलही पेटते.

आता आपल्या पोटाचे बोलू. पडकईत दगड उचलणारे, मातीच्या पाट्या वाहणारे निम्मे हात बायांचे. पण सातबारावर नाव बहुतेक पुरुषाचेच. म्हणून आमचे सांगणे आहे : हजेरीपटावर आपले नाव स्वतः वाचून घ्या, मजुरी स्वतःच्या खात्यावर घ्या, आणि ग्रामसभेत पडकईचे काम मागायला गटाने जा. एकटी गेली तर ऐकून घेतात, दहा जणी गेल्या तर लिहून घेतात.

दुसरी गोष्ट, हात कमी पडताहेत. बरीच घरे पूर्वेकडे कांद्या-टोमॅटोच्या मजुरीला जातात, पोरे शहरात जातात. पण चैत्रात यात्रेला तीच पोरे गावात येतात, कबड्डीचे सामने रंगतात, ढाल मिळवली की मिरवणूक निघते. पडकईचे दिवसही तेच. तेव्हा प्रत्येक गटाने आपल्या गावच्या कबड्डी संघाला एक विनंती करावी : सामन्याआधी एक दिवस पहार घेऊन या, आणि गावात जी बाई एकटी आहे, तिची पाळी पहिली धरा. भाकरी-कालवण आपला गट करील. ढाल वर्षभर भिंतीवर राहील, पण त्या दिवशी रचलेली ताल तिच्या नातवंडांनाही भात देईल.