ढोलकी : गुलामीची की मुक्तीची?



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही काहीतरी लिहा, असा आग्रह मंडळाच्या पोरांनी धरला. आम्ही काही लेखक नाही. आमची शाळा दहावीपर्यंतची, पुढचं शिक्षण मिलच्या साळ खात्यात आणि विहाराच्या वाचनालयात झालं. पण एक विषय मनात बरेच दिवस घोळतो आहे, तो या निमित्तानं मांडतो.

गेल्या पावसाळ्यात विहाराची साफसफाई निघाली. कपाटाच्या वर एक जुनी ढोलकी सापडली. दोरी कुजलेली, पुडी सैल, धुमेवर बुरशी. एक कार्यकर्ता म्हणाला, "काका, ही भंगारात देऊन टाकू. आता जयंतीला पॅड असतं, डीजे असतो." दुसरे एक वयस्कर उपासक म्हणाले, "द्याच. कातडं आणि वाजवणं आपण ५६ सालीच सोडलं. बुद्ध विहारात ढोलकीचं काय काम?" दोघांची कारणं निरनिराळी, पण निकाल एकच. आम्ही त्या दिवशी वाद घातला नाही. ढोलकी उचलली आणि घरी आणली. कारण ती ढोलकी आमच्या वडिलांची होती.

उपासकांचं म्हणणं खोटं नव्हे. गावगाड्यात आपल्या माणसांवर जी कामं लादली होती त्यांत मेलेलं जनावर ओढणं होतं, सांगावा पोचवणं होतं, आणि कित्येक गावांत सणावाराला, मिरवणुकीला, मरीआईपुढं वाजवणं होतं. त्याला मजुरी नव्हती, बलुतं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडा, ओढकाम सोडा, स्वाभिमानानं जगा, हा संदेश दिला. १९ मार्च १९२८ ला त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचं बिल आणलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि गावोगावी आपल्या लोकांनी ही हलकी ठरवलेली कामं टाकली. वाजवणंही टाकलं. त्यापायी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. हा इतिहास विसरून चालणार नाही.

आमच्या आजोबांनीही तेच केलं. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. आजोबांकडे हलगी होती. दीक्षेची बातमी गावात पोचली त्या हिवाळ्यात त्यांनी ती हलगी चुलीत घातली. आई सांगायची, कातडं जळाल्याचा वास दोन दिवस घरातून गेला नाही. आणि नेमकं पुढच्याच वर्षी, १९५७ साली, मुंबईला मिलमध्ये लागलेला त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे वडील, पगारातून पैसे साठवून ढोलकी विकत घेऊन गावी आले. आजोबा ओट्यावरून उठून उभे राहिले.

"आरं, म्या एक जाळली आन् तू दुसरी आनलीस?"

वडील म्हणाले, "आबा, ती हुकमानं वाजत होती. ही आपल्या मर्जीनं वाजंल."

आजोबांनी त्या रात्री जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी आणि त्यांच्या गायन पार्टीनं वस्तीत बाबासाहेबांची गाणी म्हटली. आजोबा घरातच बसून राहिले, पण दार उघडं ठेवलं होतं. एवढंच आम्हाला आईकडून कळलं. पण आमच्या मते सगळा प्रश्न त्या दोन वाक्यांत आहे.

आता इतिहास बघू. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला. त्या चळवळीतून पुढं सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचाच साज, तीच ढोलकी, पण भटशाहीचं आणि सावकारीचं सोंग उघडं करणारे विषय. बाबासाहेबांच्या चळवळीत आंबेडकरी जलसे झाले, ते याच वाटेनं. नाशिककडचे शाहीर भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. 'आंबेडकरी जलसे' या विषयावर त्यांनी पुस्तकही लिहून ठेवलं आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. या सगळ्या काळात आपला समाज किती शिकलेला होता? वर्तमानपत्र वाचणारा हजारात एखादा. मग बाबासाहेबांचा विचार वाडीवस्तीवर पोचला कसा? जलशातून पोचला. ढोलकीवर थाप पडली की माणसं जमायची, आणि जमलेल्या माणसांना सवालजवाबातून पाणवठा, शिक्षण, अंधश्रद्धा, वतनाची गुलामी समजावून सांगितली जायची.

म्हणून बाबासाहेबांनी सगळीच ढोलकी उचलून धरली असंही नव्हे. पठ्ठे बापूराव तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला पैसे द्यायला आले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, कारण त्या पैशामागं आपल्याच समाजाच्या बाईचं नाचणं होतं, ही हकिकत आपल्याकडं घरोघर सांगितली जाते. म्हणजे एकच वाद्य, एका फडात नाकारलेलं आणि दुसऱ्या फडात चळवळीचं हत्यार झालेलं. वाद्य कुणाचं, कुणाच्या हुकमानं, आणि कशासाठी, हाच खरा सवाल.

मुंबईच्या गिरणगावात ही परंपरा दुहेरी वाढली. एकीकडं अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं १९४४ सालचं लाल बावटा कलापथक, दुसरीकडं आपल्या गायन पार्ट्या. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत मोलमजुरी केली, मोठेपणी अक्षरं शिकले आणि २००४ साली जाईपर्यंत भीमगीतं लिहीत, गात महाराष्ट्र फिरले. शाहीर विठ्ठल उमप नायगावचे, २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात त्यांचा शेवट झाला. या माणसांच्या मागं ढोलकी धरून बसणारे कितीतरी जण होते, त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. आमचे वडील त्यांच्यातलेच एक.

वडील पहिली पाळी करून आले की आंघोळ, चहा आणि ढोलकी. दहा बाय दहाची खोली, त्यात आम्ही सात माणसं. ढोलकी खुंटीला. ती काढून मांडीवर घेतली की आम्हा पोरांना जवळ बसवत. सूर कसा लावायचा ते बघून बघूनच आम्ही शिकलो. दुकानात नेण्याची सोय नव्हती. एकदा नेली तेव्हा दुकानदारानं पुडी बघता बघता आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग "ठेवून जा, बघू" म्हणाला. दीड महिना ढोलकी तशीच पडून. वडील परत घेऊन आले आणि म्हणाले, "आपली दोरी आपणच ओढायची." तेव्हापासून ती बाहेर गेली नाही.

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. पहिल्या वर्षी तांब्याची भांडी गेली, मग आईची पुतळ्यांची माळ, मग घड्याळ. ढोलकीला गिऱ्हाईक आलं होतं. वडिलांनी दिली नाही. आई पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडली, "ढोलकी शिजवून खायची का?" वडील काही बोलले नाहीत. त्या जयंतीला चाळीत मंडप नव्हता, वर्गणी नव्हती, लाइट नव्हती. एक पेटी, एक ढोलकी आणि खाली बसलेली उपाशी माणसं. आम्ही पुष्कळ जयंत्या पाहिल्या, पण तसं गाणं पुन्हा ऐकलं नाही. त्या रात्री आईसुद्धा पुढं बसली होती.

तर ही ती ढोलकी. घरी आणून आम्ही ती कशी लावली ते सविस्तर सांगतो, पोरांच्या उपयोगी पडेल.

ढोलकीचं खोड लाकडाचं, आतून पोकळ. उजवं तोंड लहान, त्यावर शाई, आवाज उंच. डावं तोंड मोठं, ती धूम. तिला आतून काळा चिकट मसाला लावलेला असतो, त्यानं आवाज खर्जात जातो. दोन्ही पुड्या एकाच दोरीनं बांधलेल्या असतात. दोरी या तोंडाकडून त्या तोंडाकडं नागमोडी जाते, आणि दोन दोन दोऱ्यांवर एकेक कडी असते.

पहिल्यांदा कोरड्या फडक्यानं पुसून घ्यावी. पाणी लावू नये. पुडी फाटलेली नाही ना, ते उजेडात धरून बघावं. दोरी कुजली असेल तर सुताचीच नवी घ्यावी, नायलॉनची गाठ निसटते. सगळ्या कड्या सैल जागी आणून ठेवाव्यात, म्हणजे दोन दोऱ्या जिथं मिळतात त्या टोकाला. मग गाठ सोडून पहिल्या पट्टीपासून ढिलेपणा ओढत ओढत पुढं न्यायचा. ढोलकी दोन्ही पायांत दाबून धरायची आणि दोरी हाताला फडकं गुंडाळून ओढायची. एका फेऱ्यात सगळा ताण आणायला जाऊ नये. दोन-तीन फेरे घ्यावे, पुडी खोडावर सरळ बसते आहे की एका अंगाला कलली ते दर फेऱ्याला बघावं. मग गाठ मारून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी दोरी थोडी सैल झालेली दिसेल, पुन्हा एक फेरा.

आता कड्या. दोऱ्या मिळतात त्या टोकापासून कडी लांब सरकवली की दोन दोऱ्या जवळ येतात आणि सूर चढतो. मागं घेतली की उतरतो. ओळीनं एकापाठोपाठ एक सरकवू नये. एक इकडची, एक तिच्या समोरची, अशा सरकवाव्या. मग शाईच्या कडेकडेनं प्रत्येक जागी बोटानं टिचकी मारून ऐकावं. जिथं आवाज पडका, तिथली कडी किंचित पुढं. बारीक फरक उरला तर पुडीच्या कडेवर लहान हातोडीनं हलकं ठोकावं. शेवटी पेटीवर गाणाऱ्याचा सूर धरून शाई त्याला मिळवावी. धूम फार चढवू नये, तिचा घुमारा जातो.

दोन चुका पोरं हमखास करतात. पावसात सूर उतरला की ढोलकी गॅसवर धरतात. हलगी जाळावर शेकतात, ढोलकी शेकायची नसते, शाईला तडे जातात. उबेला, लांब ठेवावी. दुसरी चूक, कार्यक्रम झाला की तशीच चढलेली खुंटीला टांगतात. ताणात ठेवलेलं कातडं एक दिवस फाटतंच. कड्या मागं घेऊन मगच ठेवावी.

आम्ही ३२ वर्षं साचे चालवले. १९८८ साली बदली म्हणून लागलो, आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला मिल थांबली ती कायमचीच. साच्यावर ताणा जादा ओढला तर धागा तुटतो, सैल सोडला तर कापड बिघडतं. हे हाताला माहीत होतं, म्हणून ढोलकीची दोरी हाताला परकी वाटली नाही. आणि मग धम्मातली गोष्ट आठवली. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेत होता. भगवान बुद्धांनी त्याला विचारलं, तू घरी वीणा वाजवायचास, तार फार ताणली तर वाजायची का? फार ढिली सोडली तर? उपदेश करायला तथागतांना वाद्याचा ताणच जवळचा वाटला. सांचीच्या तोरणावर स्तूपाला वंदन करणाऱ्या लोकांबरोबर ढोल वाजवणारे कोरले आहेत. आपल्या भाजे लेण्यात वाद्य वाजवणारी आणि नाचणारी स्त्री दगडात आहे. म्हणजे आपल्या वारशात वाद्य नव्हतं असं कुणी म्हणू नये. उपोसथाला अष्टशील घेणारे उपासक गाण्या-बजावण्यापासून दूर राहतात, तो नियम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. त्या दिवशी ढोलकी कपाटात राहील. बाकीच्या दिवशी पंचशील तिला अडवत नाही.

डीजेवाल्या पोरांनाही एक सांगायचं आहे. संयुत्त निकायात आणिसुत्त आहे. दशार्हांचा एक मोठा नगारा होता. त्याला चीर पडली की ते खुंटी ठोकत. अशा खुंट्या ठोकता ठोकता मूळ लाकूड संपलं, नुसत्या खुंट्या उरल्या. बुद्ध म्हणाले, पुढच्या काळात माझ्या वचनांचंही असंच होईल, लोक वरवरचं छान वाटणारं तेवढंच ऐकतील. आमच्या ढोलकीची शाई तीनदा बदलली, धूम दोनदा, दोऱ्या तर मोजल्या नाहीत. पण खोड १९५७ चंच आहे. तुम्ही पॅड वाजवा, नटबोल्टची ढोलकी आणा, आमची हरकत नाही. पण गाण्यात शिका, संघटित व्हा हे उरलं नाही आणि नुसता दणदणाट उरला, तर ते खुंट्यांचंच वाद्य.

वयस्कर उपासकांना आम्ही घरी बोलावलं. ढोलकी लावून झाली होती. त्यांनी बराच वेळ तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या वडिलांची ना ही? संपाच्या जयंतीची?" आम्ही हो म्हणालो. ते म्हणाले, "भंगाराचं मी मागं घेतो. पण पौर्णिमेला नाही." आम्ही ते मान्य केलं.

आता मंडळानं ठरवलं आहे, दर रविवारी संध्याकाळी दोन तास विहारात मुलामुलींना ढोलकी शिकवायची. मुलींनाही, हे मुद्दाम लिहितो. पहिले चार रविवार वाजवायचं नाही, फक्त दोरी ओढायची आणि सूर लावायचा. ज्याला आपली दोरी आपण ओढता येते, त्याला दुसऱ्याच्या हुकमावर वाजावं लागत नाही.

पालकांनी मुलांना अवश्य पाठवावं, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!