'द सूनर द बेटर'मधला 'द'

'द सूनर द बेटर', जितके लवकर तितके बरे. शाळेतले व्याकरण घेऊन हे वाक्य उकलायला बसलो, तर आपण पहिल्याच शब्दाशी अडतो. 'द' हे उपपद नामाला लागते, आणि इथे तर नामच नाही. हे कोडे सोडवायला आपल्याला १०६६च्या नॉर्मन स्वारीआधीच्या इंग्लंडात जावे लागते. त्या काळच्या इंग्रजीत संस्कृतसारख्या विभक्ती होत्या, आणि हा 'द' म्हणजे दर्शक सर्वनामाचे तृतीयेचे रूप होते, अर्थ 'तेवढ्याने'. वाक्यात ते दोनदा येई, आपल्या जितके-तितकेसारखे. पुढे विभक्ती झिजल्या आणि हे रूप दिसायला उपपदासारखेच झाले. जॉन हेवुडने १५४६ साली म्हणींचा संग्रह छापला, त्यात 'द मोअर द मेरिअर' आहे. तोवर या जोडीची जुनी ओळख बहुधा कुणाला उरली नसावी. 'नेव्हरदलेस'च्या पोटातही हाच 'द' दडलेला आहे.

'सूनर'मधला 'अर' तर याहून पुरातन. संस्कृतातल्या लघीयस्, गरीयस् यांतला 'ईयस्' आणि तो एकाच कुळातले. जुन्या इंग्रजीत विशेषणाचा तुलनाप्रत्यय वेगळा आणि क्रियाविशेषणाचा वेगळा होता. दोन्ही घासून एकच 'अर' उरला, म्हणून 'फास्टर', 'हार्डर' आजही दोन्हीकडे चालतात. तेराव्या शतकाच्या सुमारास 'मोअर' लावून तुलना करण्याची रीत रुळू लागली. तीत फ्रेंच आणि लॅटिनचा हात किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. जुनी रीत मात्र हटली नाही, आणि पुढची काही शतके लोक खुशाल दोन्ही एकदम वापरत. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधला प्रॉस्पेरो हा ग्रंथात बुडालेला विद्वान सरदार. तोही मुलीशी बोलताना 'मोअर बेटर' म्हणतो. आज आपल्याकडे पाचवीच्या वहीत त्यावर लाल रेघ ओढली जाईल.

ती रेघ ओढली अठराव्या शतकाने. डॉ. जॉन्सनने १७५५च्या कोशात 'लेसर'ला 'लेस'चा रानटी अपभ्रंश ठरवले आणि १७६२ साली रॉबर्ट लोथच्या व्याकरणाने दुहेरी तुलनेला दोष दिला. पुढे शिक्षकांनी हे नियम घट्ट धरले. गंमत अशी, की 'निअर' हेच मुळात 'नाय' (जवळ) या शब्दाचे तुलनारूप, म्हणजे 'निअरर'मध्ये तुलना दोनदा झाली आहे. पण ती इतकी जुनी, की कुणी बोट ठेवले नाही. 'ईझिलिअर'सारखी रूपे मात्र मागे पडून 'मोअर ईझिली' आले.

बोलताना आजही इंग्रज माणूस 'कम क्विकर' सहज म्हणतो आणि कडक परीक्षक तिथे 'मोअर क्विकली' मागतो. परीक्षेत परीक्षकाचे ऐकावे. पण वंशावळ काढायची झाली, तर 'अर'चे घराणे 'मोअर'च्या रीतीहून कितीतरी जुने आहे.