गाडीतलं पाणी आणि हमीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाने हे काय मध्येच काढलं. पण मूळ प्रश्न जुनाच आहे. वस्तू विकली, पैसे मिळाले, आणि नंतर वस्तूत खोट निघाली. तर ती खोट कोणाची? विकणाऱ्याची, की घेणाऱ्याची? माणसाने हजारो वर्षं या प्रश्नाची उत्तरं दिली आणि बदलली. त्या बदलण्याचा इतिहास आज आपण पाहू. सुरुवात मात्र आमच्या अंगणातून करू, कारण हा विषय आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही.

आम्ही राहतो निडीला. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर नागोठणं आणि रोहा यांच्या मधलं हे छोटं स्टेशन. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यामुळे पाण्याचं आम्हाला नवल नाही. आमची गाडी दुसऱ्या पावसाळ्यात होती, हमीची मुदत तीन वर्षांची. जुलैमध्ये एका सकाळी डाव्या बाजूला पाय ठेवला तर कार्पेट पचपचीत. दोन दिवसांनी काच खालीवर होईना, मग डॅशबोर्डवर दिवे लागायला लागले. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी कार्पेट उचललं, कपलरवरचा हिरवा गंज दाखवला आणि जॉब कार्डवर लिहिलं: बाहेरचे पाणी, पूरग्रस्त भाग, हमीत बसत नाही.

आम्ही विचारलं, पूरग्रस्त कशावरून? तिथला मुलगा म्हणाला, "सर, पत्ता नागोठण्याजवळचा आहे ना."

आता त्याचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. अंबा नदीचं नाव पुराशी जोडलेलं आहे. जुलै १९८९ मध्ये याच नदीने वरच्या अंगाला जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, माणसं गेली, संसार वाहून गेले. आमच्या पिढीला ती रात्र विसरता येत नाही. पण म्हणून आमच्या अंगणातली, जोत्याच्या उंचीवर उभी असलेली गाडी पुरात गेली होती, हे सिद्ध होतं का?

इथे न्यायशास्त्र कामाला येतं. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलट केलं, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, तर चुकलं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघायला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे ओलं सरपण. नैयायिक या लपलेल्या अटीला 'उपाधी' म्हणतात. पुरात गेलेल्या गाडीचं कार्पेट भिजतं, हे खरं. पण कार्पेट भिजलं म्हणजे गाडी पुरात गेली, हे खरं नाही. पाणी वरून येऊ शकतं, एसीची नळी तुंबून येऊ शकतं, दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण सुटून येऊ शकतं. पुराचं पाणी खालून चढतं, दोन्ही बाजू भिजवतं, दारांवर आडवी रेघ ठेवतं आणि सीटबेल्टच्या खालच्या गुंडाळीत चिखल सोडतं. आमच्या गाडीत रेघ नव्हती, चिखल नव्हता, उजवी बाजू कोरडी होती.

हा वाद इथे थांबवू आणि मागे जाऊ.

आपल्या धर्मशास्त्रात 'क्रयविक्रयानुशय' नावाचं एक स्वतंत्र व्यवहारपद आहे. खरेदी-विक्रीनंतर होणारा पश्चात्ताप, असा त्याचा अर्थ. मनुस्मृती अशा पश्चात्तापाला दहा दिवस देते. तेवढ्यात वस्तू परत करावी किंवा परत घ्यावी. याज्ञवल्क्यस्मृती अधिक व्यवहारी आहे. ती वस्तूप्रमाणे परीक्षेची मुदत ठरवते: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, दुभत्या जनावराला तीन, रत्नांना सात, आणि ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच. त्याच यादीत दास-दासीही आहेत, हे लपवून चालणार नाही. त्या समाजात माणूसही विकला जात होता. पण कल्पना बघा. खोट दिसायला किती वेळ लागतो, त्यावर मुदत ठरवलेली आहे. ओझ्याचा बैल पाच दिवस जुंपून पाहिल्याशिवाय त्याचा दम कळत नाही. 'वाह्य' हा तिथला शब्द, आणि आपलं 'वाहन' त्याच धातूपासून आलेलं. वाहनाच्या हमीचा आपल्याकडचा हा फार जुना धागा. या साऱ्या शास्त्राचा इतिहास ज्यांनी पाच खंडांत मांडला, ते भारतरत्न पां. वा. काणे आपल्या कोकणातलेच.

तिकडे रोममध्ये बाजारावर देखरेख करणारे 'ईडाइल' नावाचे अधिकारी होते. त्यांचा जाहीरनामा सांगे की गुलाम किंवा जनावर विकताना त्याचा रोग, त्याची खोड विकणाऱ्याने सांगितलीच पाहिजे. सांगितली नाही, तर सहा महिन्यांत सौदा मोडता येई, किंवा वर्षभरात किंमत कमी करून मागता येई. महत्त्वाचं असं की विकणाऱ्याला खोट माहीत नव्हती, ही सबब चालत नसे. तू बाजारात बसतोस, माल तुझा, तेव्हा तो जाणून घेणं तुझं काम.

मग इंग्लंडमध्ये काटा उलटा फिरला. १६०३ सालचा एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. एका सोनाराने शंभर पौंडांना एक खडा विकला, विषावर उतारा असलेला 'बेझोर' म्हणून. तो बेझोर नव्हता. न्यायालय म्हणालं, सोनाराने हा बेझोर आहे असं नुसतं सांगितलं; 'मी हमी देतो' असं तो म्हणाला नाही. म्हणून दावा टिकत नाही! ग्राहकाने सावध राहावं, हे तत्त्व पुढे तिथे चांगलंच रुजलं. आपल्या बैलबाजारात दात मोजून, चालवून, रुमालाखाली बोटं दाबून सौदा होई. नंतर बैल बसका निघाला तर लोक म्हणत, डोळे कुठे होते? भाव तोच.

पण बैलाचे दात मोजता येतात. गाडीच्या पत्र्यामागचं रबर कसं मोजणार? यंत्रं आली आणि ग्राहकाचे डोळे अपुरे पडले. १८९३ च्या इंग्रजी कायद्याने विक्रीत काही गोष्टी न बोलता गृहीत धरल्या. आपल्याकडे माल-विक्रीची कलमं आधी १८७२ च्या करार कायद्यात होती. ती काढून १९३० चा माल विक्री कायदा आला. त्याचं सोळावं कलम म्हणतं की सर्वसाधारणपणे दर्जाची गर्भित हमी नाही. आणि लगेच अपवाद देतं: ग्राहक विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे. मात्र त्याच कायद्याचं बासष्टावं कलम दोघांना करार करून या गर्भित अटी बाजूला सारायची मुभा देतं. हे मागचं दार. छापील हमीपुस्तिका याच दारातून आत आली.

अमेरिकेत मोटारीने हा प्रश्न ऐरणीवर आणला. १९१६ मध्ये लाकडी चाक मोडून जखमी झालेल्या माणसाला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने थेट कारखानदाराकडून भरपाई मिळवून दिली, जरी गाडी त्याने मधल्या विक्रेत्याकडून घेतली होती. मग १९५५ मध्ये न्यू जर्सीत एका नवऱ्याने बायकोला मदर्स डेची भेट म्हणून गाडी घेतली. गाडी ताब्यात आल्यावर दहा दिवसांनी स्टिअरिंग निकामी होऊन गाडी भिंतीवर गेली. कंपनीने कराराच्या मागचा बारीक मजकूर दाखवला: नव्वद दिवस किंवा चार हजार मैल, सदोष भाग बदलून देऊ, बाकी काही नाही. सगळ्या मोठ्या कंपन्यांचा मजकूर तोच. १९६० च्या निकालात न्यायालयाने विचारलं ते थोडक्यात असं की ज्या कराराला नाही म्हणायची सोयच नाही, तो करार कसला? तो बारीक मजकूर अवैध ठरला.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? अ‍ॅम्बॅसेडर किंवा फियाट, आणि तीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबून. गाडी मिळाली हीच हमी. पावसात आत पाणी आलं तर माणूस पायाशी गोणपाट टाकायचा. एसटीत आम्ही छत्री उघडून बसलेलो आहोत; कोणाला त्याचं काही वाटलं नाही. ज्याला पर्याय नाही त्याला तक्रार सुचत नाही. तरी याच काळात, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. मराठी मध्यमवर्गाने ग्राहक हा शब्द हक्काचा केला तो इथे. डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यात एक फार मोलाची तरतूद होती: दोष तपासणीशिवाय कळत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवायची. २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. शिवाय ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आम्हाला अलिबागला. आणि उत्पादकाने लेखी दिलेली हमी पाळली गेली नाही, तर 'आमचा निष्काळजीपणा नव्हता' हे म्हणणं त्याला वाचवत नाही. अर्थात हमीला मर्यादा आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका खटल्यात सांगितलं की हमी सदोष भाग बदलायची असेल, तर तिच्या जोरावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही.

आता पाणी नेमकं कुठे अडकतं ते बघा. हमी म्हणते: साहित्य आणि जोडणीतला दोष असेल तर आमचा, बाहेरून आलेलं संकट तुमचं. विमा म्हणतो: पूर, वादळ असेल तर आमचं, झीज आणि नुसता विजेचा बिघाड तुमचा. पाऊस बाहेरचा, पण फट आतली. तेव्हा दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि माणूस मधल्या गटारात पडतो.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं? रोह्याच्या एका मेकॅनिकने आमच्यासमोर वायपरखालची काळी जाळी काढली. खाली आंब्याची पानं ठासून भरलेली, पाणी जायची वाट बंद. मग त्याने आतून दिवा लावला. वायरिंग जिथून केबिनमध्ये शिरतं तिथलं रबरी बूच अर्धंच बसलेलं होतं. त्याची कड दुमडलेली, आणि दुमडलेल्या जागी पक्का वळ पडलेला. म्हणजे ते पहिल्यापासून तसंच होतं. मग्गाने पाणी ओतलं, आत धार लागली. आम्ही फोटो काढले.

आता सांगा, कारण कोणतं? पानं नसती तर पाणी साचलं नसतं. बूच नीट असतं तर साचलेलं पाणी आत आलं नसतं. पानं आमच्या आंब्याची, बूच कारखान्याचं. खरं सांगायचं तर पानांचे फोटो पाठवावेत की नाही, यावर आम्ही एक रात्र विचार केला. न पाठवण्याचा मोह होता. जन्मभर वर्गात सत्य शिकवलं, आणि खर्चाचा आकडा मोठा होता. शेवटी पाठवले. कंपनीने पत्ता बघून निष्कर्ष काढला म्हणून आपण चिडायचं, आणि स्वतः सोयीचा पुरावा निवडायचा, हे बसेना.

पत्रात आम्ही एवढंच लिहिलं: ते बूच पाणी अडवण्यासाठीच बसवलेलं असतं. कोकणात झाडाखाली गाडी उभी राहणार, पानं पडणार, हे बनवणाऱ्याला धरूनच चालावं लागेल. ज्या प्रसंगासाठी भाग बसवला, त्याच प्रसंगी तो उपयोगी पडला नाही, तर तो दोष भागाचा. पुराचा एकही पुरावा तुमच्या जॉब कार्डवर नाही. आमचा पत्ता हा पुरावा नव्हे. तपासणी करायची असेल तर गाडी आहे तशी ठेवली आहे.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. वायरिंग, कपलर आणि बूच त्यांनी हमीत बदललं. कार्पेट आणि साफसफाई आमच्याकडे. काही मित्र म्हणाले, अलिबागला जायला हवं होतं, सगळं मिळालं असतं. कदाचित. पण कार्पेटचे पैसे आम्ही पानांच्या खात्यात लिहिले. जॉब कार्डवरची 'पूरग्रस्त' ही नोंद मात्र रद्द करून घेतली, ती सोडली नाही. एकदा तो शिक्का बसला की पुढची प्रत्येक तक्रार त्याच पुरात वाहून जाते, आणि उद्या निडीचा, नागोठण्याचा, महाडचा प्रत्येक माणूस केवळ राहण्याच्या जागेवरून दोषी ठरतो.

वॉरंटी आणि गॅरंटी हे दोन शब्द एकाच मुळाचे फुटवे आहेत, आणि त्या मुळाचा अर्थ राखणे, रक्षण करणे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीन देणाऱ्याची वॉरंटी म्हणजे, उद्या कोणी तुझ्या हक्कावर चालून आलं तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन, असं वचन होतं. आपण इतिहास पाहिला तो या वचनाचाच. कधी ते पाच दिवसांचं होतं, कधी सहा महिन्यांचं, कधी चार हजार मैलांचं. ते पाळून घ्यायचं असेल तर दोन्ही बाजूंनी आधी जाळी उघडून आत बघायला हवं.

आणि हो, पावसाळ्याआधी वायपरखालची पानं काढत जा. आम्ही आता मे महिन्यातच काढतो. प्रश्न असतील तर घेऊ.