कंबरेचें दुखणें आणि शल्यवैद्याचें शस्त्र

मराठी भाषेनें माणसाचा निश्चय त्याच्या कंबरेच्या ठायीं ठेविला आहे. कार्यास लागणारा मनुष्य कंबर कसतो, संकटापुढें हरलेल्याची कंबर खचते, आणि ज्याच्या अंगीं स्वाभिमान नाहीं त्यास आम्ही कणाहीन म्हणतों. ज्या अवयवास भाषेनें इतका मान दिला, तोच वर्षानुवर्षें दुखत राहिला म्हणजे मनुष्याची हालचाल तर मंदावतेच, परंतु घरांतील त्याची पतही उतरते. जखम डोळ्यांस दिसते, ताप मोजतां येतो. कंबरेचें दुखणें मात्र कोणास दाखवितां येत नाहीं. पाण्याची बादली न उचलणारा, पंगतीस मांडी घालून न बसणारा मनुष्य दुखणाईत आहे कीं आळशी, हा संशय घरच्यांच्या मनांत हळूच शिरतो. पुढें एके दिवशीं डॉक्टर चित्र काढवितात, मणक्यांमधील गादी सरकल्याचें सांगतात, आणि त्या चित्राच्या मागोमाग दुसरा प्रश्न घरांत येतो : शस्त्रक्रिया करावी कीं न करावी ? २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष माणसें कंबरदुखीनें ग्रस्त होतीं असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. तेव्हां हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नव्हे. त्याचा इतिहास पाहिला असतां त्याच्या उत्तराची दिशा थोडी स्पष्ट होते, असें आम्हांस वाटतें.

दुखणें फार जुनें आहे. १८६२ सालीं ईजिप्तमधील लक्सर येथें एडविन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें एक पपायरस विकत घेतलें. तें इसवी सनापूर्वीं सतराव्या शतकाच्या सुमाराचें असून त्यांत ४८ रोग्यांची हकीकत आहे. शेवटच्या रोग्याच्या मणक्यास लचक भरली आहे. वैद्य त्यास पाय लांब करावयास व आखडावयास सांगतो. मणक्यांत कळ उठल्यामुळें तो ते तत्काळ आखडून घेतो. हें दुखणें आपण हातीं घेऊं, असा वैद्याचा अभिप्राय आहे. रोग्यास उताणें निजवावें, येथवर तो सांगतो. आणि पुढील उपाय येणार तोंच लेखन वाक्याच्या मध्येंच तुटतें. साडेतीन हजार वर्षांपूर्वींचें तें अर्धें वाक्य पुरें करण्याचा प्रयत्न वैद्यकशास्त्र तेव्हांपासून करीत आलें आहे.

आपल्याकडील वैद्यांनीं कंबरेंतून पायांत उतरणाऱ्या कळेस गृध्रसी हें नांव दिलें. नितंब, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल या वाटेनें वेदना कशी उतरते, हें चरकसंहितेंत सांगितलें आहे. पाय उचलतां न येणें हें लक्षण सुश्रुतसंहितेंत आलें आहे. शिरावेध, बस्ति व डाग देणें हे त्यांचे उपाय होते. निरीक्षण अचूक होतें. कारण मात्र वायूच्या प्रकोपावर सोडून दिलेलें होतें. १७६४ सालीं नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्यानें, ही कळ सांध्यांची नसून मज्जातंतूची असूं शकते, असें प्रतिपादिलें. १८८० सालीं लाझा लाझारेविच या सर्बियन डॉक्टरानें व १८८१ सालीं पॅरिसच्या लासेगच्या शिष्यानें, उताण्या निजलेल्या रोग्याचा पाय गुडघ्यांत न वाकवितां वर उचलून पाहण्याची परीक्षा लिहून ठेविली. ती परीक्षा डॉक्टर आजही करतात. येथपर्यंतच्या साऱ्या इतिहासांत वैद्याचें लक्ष रोग्याच्या शरीराच्या हालचालीकडे व त्याच्या सांगण्याकडे होतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

नवें पर्व बोस्टन येथें उघडलें. तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत १९३२ सालीं विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनीं एका रोग्याच्या कण्यावर शस्त्रक्रिया केली. कण्यांत गाठ वाढली असावी, असा समज होता. निघालेला तुकडा तपासतां तो दोन मणक्यांमधील गादीचा फुटून बाहेर आलेला भाग ठरला. ही गादी बाहेरून चिवट व आंतून मऊ असते. बाहेरचें कडें फाटलें म्हणजे आंतील गाभा बाहेर येऊन मज्जातंतूस दाबतो, आणि कळ पायांत उतरते. जुने नमुने पुन्हां तपासतां, पूर्वीं गाठी म्हणून नोंदलेल्या पुष्कळ तुकड्यांचा उगम असाच निघाला. २ ऑगस्ट १९३४ रोजीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. शोध खरा होता, उपाय प्रत्यक्ष होता. दाबणारा तुकडा काढला कीं पायाची कळ थांबे. परंतु खऱ्या शोधाचीही एक नशा असते. पायांतील कळेचें एक कारण हातीं लागतांच, कंबरेच्या प्रत्येक दुखण्याचा दोष गादीवर येऊं लागला.

त्या काळाचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेचे पुढें अध्यक्ष झालेले जॉन केनेडी. तारुण्यापासूनच त्यांची पाठ दुखे. जून १९४४ मध्यें, त्यांचें वय २७ असतां, गादीवर पहिली शस्त्रक्रिया झाली; अपेक्षिलेला आराम पडला नाहीं. १९५४ पर्यंत कुबड्या हातीं आल्या. त्यांस अधिवृक्क ग्रंथींचा विकार होता, त्यामुळें शस्त्रक्रिया जिवावर बेतण्याजोगी होती. तरी तें जिणें नको म्हणून त्यांनीं ती पत्करली. ऑक्टोबर १९५४ मध्यें न्यूयॉर्क येथें धातूची पट्टी बसवून मणके सांधण्यांत आले. मागून जंतुदोष झाला, शुद्ध हरपली, आणि धर्मगुरूंनीं अंतिम संस्कारही केले. ते वांचले, पण फेब्रुवारी १९५५ मध्यें ती पट्टी काढावी लागली, आणि १९५७ सालीं पाठींतील गळवासाठीं चौथ्यांदा शस्त्र लागलें. अध्यक्षपदावर असतां १९६१ च्या मे महिन्यांत ओटावा येथें वृक्षारोपण करतांना पाठ पुन्हां दुखावली. वेदनाशामक टोंचण्यांवर दिवस निघत होते. अखेर त्याच वर्षाच्या ऑक्टोबरापासून हान्स क्राउस या डॉक्टरानें त्यांच्याकडून आठवड्यांतून अनेक वेळां साधा, नियमित व्यायाम करवून घेण्यास आरंभ केला, आणि कांहीं महिन्यांत स्पष्ट सुधारणा दिसली. जगांतील उत्तम शल्यवैद्य ज्याच्या दाराशीं होते, त्याची ही कथा आहे. एका रोग्यावरून नियम बांधूं नये, हें खरें. परंतु पुढें मोजमाप करून झालेल्या तपासण्यांनीं जें सांगितलें, तें या कथेशीं बरेंच जुळतें.

१९८३ सालीं नॉर्वेमधील हेन्रिक वेबर यांनीं, ज्यांच्याविषयीं निर्णय संशयित होता अशा पायांत कळ येणाऱ्या १२६ रोग्यांची निव्वळ दैवयोगानें दोन गटांत वांटणी करून दहा वर्षांचा हिशेब मांडला. पहिल्या वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेले रोगी निश्चित बरे होते. चौथ्या वर्षीं अंतर नगण्य झालें, दहाव्या वर्षीं तें उरलेंच नाहीं. २००७ सालीं हॉलंडमध्यें २८३ रोग्यांवर झालेल्या तपासणींत दोन्ही गटांतील सुमारें ९५ टक्के रोगी वर्षभरांत बरे झाल्याचें स्वतः सांगत होते. शस्त्रक्रियेनें आराम लवकर पडला, इतकाच भेद. तथापि थांबलेल्यांपैकीं ३९ टक्क्यांस शेवटीं वेदनेमुळें शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली, हेंही विसरतां कामा नये. अर्थात् येथें शस्त्र मुख्यतः वेळ विकत देतें. ज्याच्या मिळकतीवर घर चालतें, त्यास चार महिन्यांची किंमत थोडी नसते.

पायांत कळ नसून केवळ कंबरच जुनाट दुखते, त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठीं मणके सांधण्याची शस्त्रक्रिया आणि व्यायाम व योग्य शिकवण यांची तुलना २००३ सालीं नॉर्वेंत व २००५ सालीं ब्रिटनमध्यें झाली; शस्त्राची सरशी एक तर दिसली नाहीं, किंवा अगदीं अल्प दिसली. आणि चित्राविषयीं काय ? १९९४ सालीं कंबर मुळींच न दुखणाऱ्या ९८ माणसांचीं एम. आर. आय. चित्रें काढण्यांत आलीं. त्यांतील ५२ टक्के माणसांची एक तरी गादी फुगलेली निघाली. केस पांढरे व्हावे तशी गादीही वयानुसार झिजते. ती चित्रांत दिसली म्हणून वेदनेस तीच कारण, असें ठरत नाहीं.

मग शस्त्र कधींच उचलूं नये काय ? असें म्हणणें दुराग्रहाचें होईल. लघवी वा शौच यांवरील ताबा सुटला, मांड्यांच्या सांध्याशीं बधिरता आली, अथवा पायांतील शक्ति झपाट्यानें जाऊं लागली, तर विचारविनिमयास अवसर नसतो. तत्काळ इस्पितळ गांठलें पाहिजे. पायांतील असह्य कळ कांहीं आठवडे संपूनही हटत नसेल, आणि चित्रांतील दोष त्याच बाजूस व त्याच तंतूशीं जुळत असेल, तर शस्त्रक्रिया हा विवेकाचा मार्ग आहे. बाकीच्यांनीं मात्र शल्यवैद्यास, मला बरें व्हावयास काय करावें, यापूर्वीं एक प्रश्न विचारावा : मी कांहींच केलें नाहीं, तर वर्षभरानें माझी स्थिति काय असेल ? प्रामाणिक वैद्यास या प्रश्नाचा राग येत नाहीं.

आणि घरच्यांसही आमची एक विनंती आहे. चित्राचा आग्रह पुष्कळदां रोग्याच्या शरीरास नसतो, त्याच्या अब्रूस असतो. आपलें दुखणें खरें आहे, हें त्यास कोणास तरी दाखवून द्यावयाचें असतें. तो विश्वास घरांत चित्रावांचून मिळाला, तर रोग्यास आपलें म्हणणें सिद्ध करण्यासाठीं चिरफाड पत्करावी लागणार नाहीं. मग तो थांबेल तर धीरानें थांबेल. आणि शस्त्रक्रिया करवून घेईल, तर ती वेदनेसाठींच करवून घेईल.