काशीतील एक तालीम

‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द मराठीत आखाड्याचा व नाटकाचा झाला. काशीच्या मुसलमान वादकांत तो विद्यादानाचाच राहिला. 1916 साली डुमराव येथे जन्मलेले बिस्मिल्ला खाँ बालवयात काशीस आले, ते मामा अलीबक्ष यांच्याकडे सनई शिकण्यासाठी. रियाज गंगाकाठच्या बालाजी मंदिरात होई. संगीत धर्मसंमत आहे काय, हा वाद इस्लामी परंपरेत जुना आहे. पण या श्रद्धावान शिया मुलाच्या घडणीत नमाज आणि स्वरसाधना यांची शिस्त एकच होती. पुढे त्यांना ऐक्याचे प्रतीक म्हणून गौरविताना (गौरव सोपा असतो) ही शिस्त मात्र दुर्लक्षिली गेली. मोहरमच्या आठव्या दिवशी ते सनईवर रागदारी नव्हे, शोकगीतच वाजवीत.